झिरो फाट्यावर रेस फुटते

सारंगच्या आवाजाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. दहा वर्षं तो पुण्यात राहून टीव्हीवर क्रिकेट आणि कबड्डीचं मराठी समालोचन करत होता. त्याचा आवाज गडगडायचा तेव्हा गडगडायचा, हळवा व्हायचा तेव्हा हळवा व्हायचा. म्हणूनच ‘मराठवाडा परिक्रमा’ ही पाच दिवसांची व्यावसायिक सायकल शर्यत मराठीतून थेट दाखवायचं ठरलं, तेव्हा पहिलं नाव त्याचं निघालं. शिवाय तो मूळचा परभणीचा.

अडचण एकच होती. सारंगला सायकल शर्यतीतलं काही कळत नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यानं चार तास गाजवले. सायकलपटूंची वयं, उंची, वजनं सांगितली, वाटेतल्या देवळांची माहिती वाचून दाखवली आणि मधूनमधून ‘काय ही जिद्द!’ असं म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी एक खेळाडू घोळक्यातून मागं पडलेला दिसताच त्याचा कंठ दाटून आला. ‘थकला बिचारा! शरीर साथ देईना!’ प्रत्यक्षात तो बिचारा संघाच्या गाडीकडून पाण्याच्या बाटल्या घ्यायला मागं आला होता. सात बाटल्या जर्सीत कोंबून दोन मिनिटांत तो पुन्हा पुढं निघून गेला आणि सारंगनं त्याचं वर्णन ‘चमत्कारिक पुनरागमन’ असं केलं. शेजारी बसलेला तज्ज्ञ शंतनु जुना राष्ट्रीय खेळाडू होता, त्यानं कपाळाला हात लावला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परभणीहून वडिलांचा फोन आला. अनंतराव पस्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “चार तास ऐकलं रे. शब्द शुद्ध, उच्चार स्वच्छ. पण शर्यत कुठं होती?”

 सारंगला तरी ती कुठं सापडत होती?

चौथ्या दिवसाचा टप्पा चारठाण्याहून निघून जिंतूर, परभणी, झिरो फाटा करत पूर्णेला संपणार होता. समालोचकांची पत्र्याची खोली पूर्णेत शेवटच्या रेषेजवळ उभी केलेली. समोर चार पडदे, दोन माइक, एक पंखा. सकाळी सारंग तिथं पोचला तेव्हा शंतनुचा निरोप आला, की तो तापानं फणफणलाय, उठवतसुद्धा नाही. प्रसारणाची सगळी जबाबदारी निवेदितावर होती. ती कानाला फोन लावून पुण्या-मुंबईपर्यंत दुसरा तज्ज्ञ शोधत होती. तीन तासांत कोण येणार?  सारंग चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिला.

टपरीवरच्या छोट्या टीव्हीवर कालचाच टप्पा पुन्हा दाखवत होते आणि त्याचा स्वतःचा आवाज खणखणत होता. बाकावर पिवळं जाकीट घातलेली, गळ्यात शिट्टी अडकवलेली पंचेचाळिशीची एक बाई बसली होती. शेवटच्या रेषेजवळच्या स्वयंसेवकांची ती प्रमुख असावी.

“आवाज बंद कर रे त्याचा,” ती टपरीवाल्याला म्हणाली. “चित्र तरी बघू दे सुखानं.”

सारंग कप घेऊन तिच्याकडं वळला. “का हो? काय चुकतंय त्याचं?”

“चुकायला आधी काही सांगावं लागतं ना! हा सांगतच न्हाई. कोण पुढं हाय ते मला बी दिसायलंय. काहून पुढं हाय, मागचे काहून धरत न्हाईत, ते सांग की बाबा! काल तो लाल जर्सीवाला चढावर मुद्दाम सावकाश चालवत होता, समोरच्यांचा दम बघायला. हा म्हणतो, लाल जर्सी संकटात! अन् सगळं संपल्यावर लाल जर्सी जिंकली तर म्हणतो, नशीब! नशीब कशाचं? इतकं डोकं लावलं त्यानं.”

“तुम्हाला बरंच कळतं यातलं.”

“चार वर्षं राज्याकडून रोड रेस खेळले. आता पिंगळीला शाळेवर खेळ शिकवते. राजेश्री माझं नाव. अन् तुमी?”

सारंगनं टीव्हीकडं बोट दाखवलं. “तो मीच.”

टपरीवाला खो खो हसला. राजेश्रीबाई लाजतील, माफी मागतील असं सारंगला वाटलं होतं. त्यांनी त्याच्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “आवाज चांगलाय तुमचा. म्हणून तर जास्त बेजार व्हायला होतं.”

सारंग रागवला का? त्याला स्वतःलाच नवल वाटलं, पण नाही. उलट तीन दिवसांनी पहिल्यांदा कुणीतरी दार उघडून दाखवल्यासारखं झालं. कालची लाल जर्सी त्याच्या डोळ्यांपुढं आली आणि तो चढ त्याला आत्ता कुठं कळला. त्यानं चहा तसाच ठेवला.

“मॅडम, माझ्याबरोबर चला. माझ्या शेजारी बसायचंय.”

“कुठं?”

“माइकवर.”

निवेदितानं आधी साफ नकार दिला. “सारंग, लाइव्ह आहे हे! अनुभव काय त्यांचा?” पण घड्याळ पुढं सरकत होतं आणि दुसरा माइक रिकामा होता. शेवटी ती म्हणाली, “अर्धा तास. जमलं नाही तर मी त्यांचा माइक बंद करीन, आणि तू एकटा.”

पहिला अर्धा तास भयंकर गेला. चारठाण्याहून घोळका निघाला, तीन जण पुढं निसटले, जिंतूर आलं, गेलं. टपरीवर तडतडणाऱ्या राजेश्रीबाई माइकपुढं दगड झाल्या. सारंगनं विचारलं, “पुढच्या तिघांविषयी काय सांगाल?” त्या म्हणाल्या, “सदर खेळाडू उत्तम कामगिरी करीत आहेत.” त्यानं पुन्हा विचारलं. “होय, आपण म्हणता ते योग्य आहे.” घाम त्यांच्या कानामागून ओघळत होता. निवेदिता शेजारच्या नियंत्रण खोलीत, काचेपलीकडून सारंगकडं बघून मान हलवत होती. तिचं बोट बटणावर गेलं.

तेवढ्यात जाहिराती लागल्या. निवेदिता आत आली. सारंगला वाटलं, आता संपलं. पण ती राजेश्रीबाईंपुढं उकिडवी बसली. “बाई, सकाळी टपरीवर माझ्या माणसाला झापलंत म्हणे?”

“झापलं न्हाई. खरं ते बोलले.”

“मग आता यालाच झापा. प्रेक्षकांशी बोलू नका, शुद्ध बोलू नका. हा चुकला की सांगायचं, बस.”

राजेश्रीबाईंनी ओढणीनं तोंड पुसलं. सारंगनं त्यांच्यापुढं पाण्याची बाटली सरकवली आणि म्हणाला, “मी चुकणार याची खात्री बाळगा.”

आणि तो चुकलाच. जाहिराती संपताच पडद्यावर पुढचे तिघं आणि त्यांची चार मिनिटांची आघाडी दिसली. सारंग सवयीनं गरजला, “चार मिनिटं! आता यांना कोण गाठणार?”

“कोण म्हणजे? सगळेच!” राजेश्रीबाई फाडकन म्हणाल्या. “मागचा घोळका बघा की. गप्पा मारायलेत, केळी खायलेत. घाबरलेलं माणूस केळं खातं का? तिघांना पुढं मुद्दाम सोडलंय, उन्हात तापू द्या म्हणून. परभणी ओलांडली की धरतील त्यांना. तुमी त्या तिघांकडं बघूच नका. निळ्या जर्सीवाल्यांकडं बघा.”

“का? काय करताहेत ते?”

सारंगच्या तोंडून हा प्रश्न निसटला तेव्हा त्याला कळलंही नाही, की चार दिवसांत त्यानं पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं, उत्तर खरोखर हवं होतं म्हणून.

“सहाच्या सहा एकत्र हायेत. कप्तान मध्ये, बाकीचे भोवती. अन् आत्तापासून घोळक्याच्या पुढं सरकायलेत. त्यांच्या डोक्यात काहीतरी हाय.”

निवेदितानं बटणावरचं बोट काढलं.

तिथून पुढं सारंग नुसता विचारत सुटला. हे का, ते कशाला, हा हात का हलवतोय, तो मागं का बघतोय? राजेश्रीबाई सांगत सुटल्या. परभणी आली. शहरातल्या रस्त्यांवर दुतर्फा माणसं, गच्च्यांवर माणसं. शहर ओलांडून घोळका वसमतच्या रस्त्याला लागला, आणि बाईंनी म्हटल्याप्रमाणं ते तिघं हळूहळू गिळले गेले. आता सगळे एकत्र होते, नव्वद सायकली, शेवटचे तीस किलोमीटर.

“सगळे एकत्र आहेत,” सारंग म्हणाला. “म्हणजे पूर्णेत शेवटी मोठी धावाधाव होणार?”

“न्हाई,” राजेश्रीबाई म्हणाल्या. “झिरो फाट्यावर रेस फुटते.”

काचेपलीकडं निवेदितानं दोन्ही हात वर केले. इतकं ठाम कुणी बोलतं का? नाही फुटली तर?

सारंगलाही तेच वाटलं. पण तो थांबला नाही. “फुटते म्हणजे? का?”

“आत्ता वारं त्यांच्या तोंडावर हाय. बघा, बाजूच्या झेंड्यांकडं बघा. तोंडावरचं वारं सगळ्यांना सारखंच छळतं, मागचा पुढच्याच्या आड लपतो. फाट्यावर पूर्णेकडं उजवीकडं वळले की तेच वारं डाव्या अंगानं मारणार. मग मागं लपून भागत न्हाई, बाजूला लपावं लागतं. म्हणजे रांग तिरपी होते, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. रस्ता केवढा? पंधरा-वीस माणसं मावतील. बाकीचे सत्तर? ते कडेच्या खडीवर, उघड्यावर. तिथं एकानं जरी पुढच्याचं चाक सोडलं, की साखळी तुटलीच.”

“पण इथं वारा रोजच असेल ना?”

“असतो. पण मागच्या महिन्यात आले असते, तर काही झालं नसतं. डाव्या हाताला लांबपर्यंत ऊस उभा होता, माणसापेक्षा उंच. भिंतच म्हणा. मी काल स्कुटीवरून आले. फाट्यापासून दोन-अडीच किलोमीटरवरचा ऊस तोडून नेलाय कारखान्याला. रान मोकळं पडलंय. ज्याला मालूम हाय, तो आत्ताच पुढं जाऊन बसला असेल.”

पडद्यावर निळ्या जर्सीच्या सहा सायकली घोळक्याच्या अगदी तोंडाशी होत्या. सर्वांत पुढं एक सावळा, काटक पोरगा मान खाली घालून, वारं अंगावर घेत सगळ्यांना ओढत होता. सारंगनं यादी पाहिली. “धम्मानंद. क्रमांक चौसष्ट. अरे, हा पूर्णा तालुक्यातला आहे!”

 राजेश्रीबाई नुसत्या खुर्चीच्या टोकावर सरकल्या.

झिरो फाटा आला. घोळका उजवीकडं वळला. एक किलोमीटर काहीच झालं नाही. डावीकडं ऊस डुलत होता. दोन किलोमीटर. काहीच नाही.  निवेदिता डोळे मिटून उभी होती.

आणि ऊस संपला.

“आता!” राजेश्रीबाई ओरडल्या. “आता बघा, आता!”

हेलिकॉप्टरमधलं चित्र पडद्यावर होतं. धम्मानंद सायकलीवर उभा राहिला, निळे सहाही जण एकदम उसळले आणि बघता बघता पंख्यासारखे रस्ताभर तिरपे पसरले. मागं लाल जर्सी त्यांना चिकटली, आणखी आठ-दहा जण चिकटले. आणि त्यांच्या मागं? मागं लांबच लांब एकेरी दोरा, रस्त्याच्या उजव्या कडेला, प्रत्येकाचं तोंड वेडंवाकडं.

“फुटली!” सारंग उभाच राहिला. “फुटली, फुटली! मॅडम, तुम्ही म्हणालात तिथंच! दहा मीटर! वीस! आता काय? मागच्यांनी काय करायचं?”

“त्यांनी बी तिरपी रांग धरावी, दुसरा इलाज न्हाई! पण कोण पुढं होणार? सगळे एकमेकांकडं बघायलेत. बघा, तो हिरवा हात हलवायलाय, ये म्हणतो, ओढ म्हणतो. कुणी येईना! गेली यांची रेस!”

बाहेर शेवटच्या रेषेजवळ कर्ण्यांवरून त्यांचंच बोलणं घुमत होतं. आत्तापर्यंत सावलीत पांगलेले लोक मोठ्या पडद्यापुढं गोळा झाले. पत्र्याच्या भिंतींतून त्यांचा गलका आत ऐकू येऊ लागला.

तेवढ्यात मागच्या दोऱ्यात एक चाक दुसऱ्याला घासलं आणि पाच-सहा सायकली धडाधड खाली आल्या. कॅमेरा तिकडं वळला. एक खेळाडू उताणा पडून हलत नव्हता. सारंगचा हात आपसूक छातीशी गेला, आवाज खोल झाला, “अरेरे! काय हा घाला! एका स्वप्नाचा...”

राजेश्रीबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. माइकमध्ये त्या शांतपणे म्हणाल्या, “सहा जण पडलेत. चौघं उठले. एक बसलाय. एक अजून उठला न्हाई, डॉक्टरची गाडी पोचलीय. त्याला किती लागलं ते आपल्याला इथून कळत न्हाई. कळलं की सांगू.”

आणि गप्प झाल्या. सारंगही गप्प झाला. पाच, सात, दहा सेकंद नुसता वाऱ्याचा आवाज. समालोचकानं कधी एवढा वेळ गप्प बसायचं असतं, असं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मग पडलेल्या खेळाडूनं पाय दुमडला, हात वर केला. बाहेर टाळ्या वाजल्या. सारंगनं श्वास सोडला आणि म्हणाला, “हात हलवला त्यानं. चला, आपण पुढं जाऊ.”

पुढच्या टोळीत आता सोळाच जण होते आणि त्यांची आघाडी मिनिटाच्या वर गेली होती. धम्मानंद अजून पुढंच होता. पुढं जाऊन ओढायचा, बाजूला व्हायचा, मागं जायचा, पुन्हा पुढं. पूर्णेच्या वेशीत गाड्या शिरल्या. बाहेर गर्दीनं नाव घ्यायला सुरुवात केली होती, “धम्मानंद! धम्मानंद!”

सारंगच्या अंगात वीज शिरली. “पूर्णेचा पठ्ठ्या पूर्णेच्या रस्त्यावर! शेवटचे दोन किलोमीटर, आणि सर्वांत पुढं धम्मानंद! जिंकणार का आज...”

“न्हाई जिंकणार,” राजेश्रीबाई म्हणाल्या.

बाहेरचा गलका अर्ध्यात थांबला. कर्ण्यावरून सगळ्यांनी ऐकलं होतं. सारंगनं आ वासून त्यांच्याकडं पाहिलं.

“त्यानं जिंकायचंच न्हाई,” त्यांचा आवाज चढत गेला. “नीट बघा. त्याच्या मागं त्याचा कप्तान हाय, मात्तेओ. एवढा वेळ मात्तेओच्या तोंडाला वारं लागू दिलं न्हाई ह्या पोरानं. फाट्यावर रेस फोडली ती यानं. आता शेवटचा किलोमीटर आला, की हा अंगात असंल-नसंल तेवढं सगळं ओतणार अन् तीनशे मीटरवर बाजूला होणार. तिथून मात्तेओ निघणार. पाय मात्तेओचे, पण दम धम्मानंदचा. पयला कोण येतो ते सगळेच बघतात. तुमी आज चौसष्ट नंबर बघा! तो बाजूला कवा होतो, ते बघा!”

सारंगनं यादी बाजूला टाकली. “एक किलोमीटर! धम्मानंद पुढं! मॅडम, वेग?”

“साठच्या वर! मान बघा, खांद्यात गेलीय!”

“सातशे! लाल जर्सी मात्तेओच्या चाकावर!”

“येऊ दे, येऊ दे! अजून सोडू नको पोरा, अजून न्हाई!”

“पाचशे! चारशे! डावीकडून पिवळा उठतोय!”

“धर, धर, थोडं अजून!”

“तीनशे!”

“आता!”

धम्मानंद बाजूला झाला. एकदम, जणू कुणी कळ दाबली. त्याच्या मागून मात्तेओ सुटला तो असा की लाल जर्सीला त्याची सावलीसुद्धा धरता आली नाही. खिडकीबाहेरून निळा पट्टा सणकन गेला, सगळी खोली थरथरली. मात्तेओनं दोन्ही हात वर केले. सारंग आणि राजेश्रीबाई दोघंही उभे राहून ओरडत होते, काय ओरडत होते ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही.

पण बाहेर एक गंमत झाली. मात्तेओला टाळ्या मिळाल्या, भरपूर मिळाल्या, पण गर्दीच्या माना वळल्या नाहीत. सगळे रस्त्याकडंच बघत होते. दुसरा गेला, पाचवा गेला, नववा गेला. मग अकरावा आला, मान लोंबलेली, तोंडाला फेस, पाय नुसते फिरताहेत. आणि जी आरोळी उठली, तशी पहिल्यासाठीसुद्धा उठली नव्हती. पन्नास-साठ माणसांनी कठडा ओलांडला, धम्मानंदला सायकलीसकट उचललं. त्याला काही कळेना. तो इकडंतिकडं बघत राहिला, अकरावा आल्याबद्दल आपल्याला खांद्यावर का घेताहेत म्हणून.

सारंगचे डोळे भरले. तो माइकमध्ये एवढंच म्हणाला, “अकरावा, क्रमांक चौसष्ट, धम्मानंद.” पुढं त्याला एकही विशेषण सुचलं नाही, आणि हवंही नव्हतं.

प्रसारण संपल्यावर निवेदिता आत आली आणि राजेश्रीबाईंना मिठीच मारली. “उद्या नांदेड. येणार ना?”

“हेडसरांना विचारावं लागंल. रजा मांडावी लागंल.”

“मी बोलते त्यांच्याशी. नंबर द्या.”

सारंग खिडकीतून धम्मानंदकडं बघत होता. “ओळखता तुम्ही त्याला?”

“सातवी-आठवीला माझ्याच हाताखाली होता. माझीच सायकल घेऊन जायचा शनिवारी, सोमवारी आणून द्यायचा.”

“मग माइकवर बोलला का नाहीत?”

“माझं काय काम तिथं? रेस त्याची हाय.” त्यांनी पिवळं जाकीट काढून घडी केली. “पण एक सांगा सारंग सर, तुमी कधी कुणाच्या मागं सायकल चालवलीय?”

“म्हणजे?”

“म्हणजे आड लपून. दुसऱ्याच्या चाकाला चिकटून.”

“नाही बुवा.”

“मग नुसतं ऐकून काय सांगणार लोकायला? चला.”

ऊन कलायला लागलं होतं. बाईंनी आयोजकांकडून दोन सायकली मागून घेतल्या. एकीचं सीट खाली करून सारंगला दिली. गावाबाहेर नांदेडच्या रस्त्याला लागताच वारा समोरून आला. कॉलेजनंतर सारंग सायकलीवर बसला नव्हता. शंभर पावलांत त्याच्या मांड्या भरल्या, छाती धपापायला लागली, कानांत नुसती घरघर.

“जवळ या!” राजेश्रीबाई पुढून ओरडल्या. “घाबरू नका! अजून जवळ! वीतभर अंतर ठेवा!”

त्यानं दात आवळले आणि दोन जोरकस पायडल मारून त्यांच्या मागच्या चाकाशी पोचला.

आणि घरघर थांबली. एकदम. छातीवरचं ओझं कुणी उचलून घेतल्यासारखं झालं. पाय तेच, सायकल तीच, पण तो तरंगल्यासारखा चालला होता. डावीकडं हळदीचं रान, उजवीकडं रेल्वेचे रूळ, समोर बाईंची वाकलेली पाठ. सारंगला हसूच फुटलं. तो मोठ्यानं हसत सुटला.

“काय झालं?” बाईंनी मागं न बघताच विचारलं.

“काही नाही! वेग वाढवा, मॅडम! वाढवा!”

त्यांनी वाढवला.